शालू, कापूस हॉलमध्ये ठेवलाय

कापूस हॉलमध्ये ठेवलाय, शालू. सोफा ओसरीत काढला, शोकेस भिंतीकडे तोंड करून उभी केली, आणि दारापासून टीव्हीपर्यंत नुसता ढीग. तुझ्या तेरवीच्या आदल्या दिवशी कापसाने भरलेल्या बैलबंड्या अंगणात लागल्या, तेव्हा तुझा दादा सवयीने मागच्या खोलीकडे निघाला होता. मी खोलीच्या दारात जाऊन उभी राहिले.

"इकडे नाही," म्हटलं.

"मंग कुठी?"

"हॉलमध्ये."

"डोकं फिरलं का तुह्यं? उद्या लोक येतीन जेवायले. बसतीन कुठी?"

"कापसावर बसतील. कापूसवाल्यांच्याच घरी येतायत ना?"

दादाने डोक्याचं उपरणं काढून झटकलं, पुन्हा बांधलं, आणि शेवटी बंडी वळवायला सांगितली. मी काही वेडी नाही, शालू. बोंड फुटलं की वेचावंच लागतं, घरात कोणी गेलं म्हणून ते मिटून बसत नाही. यंदा भाव उघडेपर्यंत माल घरात धरून ठेवायचा, हे दादाने दसऱ्यालाच ठरवलं होतं. कापूस कोरड्या जागी राहायला हवा, आणि या घरात सगळ्यांत कोरडी खोली तीच. सगळं कळतं मला. पण तुझ्या फोटोचा हार सुकायच्या आत तुझा स्टुडिओ रिकामा करायचा, हे मला कळत नाही आणि मी ते कळून घेणारही नाही.

भेटायला माणसं येतात आणि मला राग येतो. आपल्या जिल्ह्यातलं मरण म्हटलं की बाहेरगावच्या माणसाला कारण विचारावं लागत नाही, त्याला ते आधीच ठाऊक असतं. माझ्या दूरच्या आत्याचा फोन आला होता. हळहळून झाल्यावर तिने आवाज खाली केला, "काही घेतलं-बितलं होतं का गं तिने?" मी म्हटलं, हो, तापाची गोळी घेतली होती. ताप आला होता तिला, तापानेच गेली. आमच्याकडे माणसं तापानेही मरतात. आत्याने फोन ठेवून दिला. आता वर्षभर माझ्याशी बोलायची नाही, तेवढीच शांतता.

तू पुसदहून माहेरी परत आलीस ती बाजाची पेटी आणि दोन बॅगा घेऊन. का आलीस, हे आईंनी विचारलं नाही, मीही नाही. तू सांगितलंही नाहीस आणि बरंच केलंस. प्रश्न एवढाच होता, की तू झोपायचं कुठे. कापसाचा भाव तेव्हा असा काही बसला होता, की दादा माल वावरातूनच व्यापाऱ्याला देऊन मोकळा व्हायचा, घरी आणायचाच नाही. त्यामुळे मागची कापसाची खोली रिकामी पडली होती. खिडकी नाही, वर छताशी हातभर झरोका, आणि भिंतींना जुन्या कापसाचा वास. परत आलेल्या मुलीला अशीच खोली मिळते. तू आत गेलीस, मधोमध उभी राहिलीस आणि एक जोरदार टाळी वाजवलीस. मला वाटलं, पाल हाकलतेयस.

"वहिनी, आइकलं का?"

"काय?"

"खोली घुमून राह्यली. हे घुमणं मारलं पायजे."

दुसरी कोणी असती तर तिने आधी पलंग मागितला असता. तुझं मात्र तिथल्या तिथे ठरलंसुद्धा, की इथे बायकांची गाणी रेकॉर्ड करायची. वेचायला जाणाऱ्या बायका दिवसभर वावरात गातात, लग्नात गातात, भुलाबाईपुढे गातात, पाळण्याशी गातात, आणि त्यांतली एक गेली की तिच्याबरोबर पन्नास गाणी जातात. शाळेत मुलींना गाणं शिकवायची नोकरी लागली तशी एकेक वस्तू घरात येऊ लागली. आधी माईक, मग कॉम्प्युटर, मग भारनियमनावर उपाय म्हणून इन्व्हर्टर. प्रत्येक वेळी दादा म्हणायचा, "आता झालं ना?" आणि तू म्हणायचीस, "झालं न दादा." झालेलं कधीच नव्हतं.

आणि मग तो भिंतीतला कापूस. आठवतं ना? आठवायलाच हवं, सगळ्या घाटंजीला माहीत आहे. घुमणं मारायला भिंतींवर लाकडी चौकटी ठोकायच्या, त्यांत काहीतरी मऊ भरायचं आणि वरून कापड ताणायचं, असं तू कुठेसं शिकून आली होतीस. शहरात त्यासाठी काय काय विकत मिळतं म्हणे. तू म्हणालीस, आपल्या घरी काय कमी आहे? कळंबच्या सुताराकडून चौकटी करून घेतल्यास आणि वावरातला कापूस होता तसा पोत्याने आणून भरू लागलीस. दादा ओरडला, तेव्हा तू म्हणालीस, "भाव देत नाही ना कोणी? मी देतो. माह्या भिंतीत भरतो." आई दारात बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. त्यांनी मान वर न करता विचारलं,

"गादीत कोणी सरकी भरते का वो?"

"माय, हे गादी नोहे, भिंत हाय."

"उंदराले काय मालूम?"

शेतकऱ्याच्या घरात जन्मलेली पोर, आणि सरकीसकट कापूस भिंतीत भरलास! आम्ही सगळ्यांनी सांगून पाहिलं. पण तुझा हट्ट असा, की कापूस आणला तसाच राहणार, त्याला जिनिंगवाल्यांच्या दारात नेणार नाही. आपल्या कापसाला जिथे तिथे रांगेत उभं राहावं लागतं, निदान इथे तरी नको, म्हणालीस. पावसाळा लागला. पंचफुला मावशी, तुझी पहिली गायिका, पाळणा गायला आली. पाळणा झाला, तू हेडफोन कानाला लावून ऐकलास, तर मागे खुडखुड. तुला वाटलं वायर सैल आहे. मग तुला वाटलं इन्व्हर्टर. मग माझ्या बांगड्या काढायला लावल्यास, जशी काही मी भिंतीच्या आत बसले होते. तिसऱ्या वेळी मावशी गात असताना भिंतीवरच्या मोरपंखी कापडातून एक उंदीर बाहेर आला आणि तिच्या गुडघ्याशी बसला. मावशीने पाळणा थांबवला नाही. उंदराकडे बघतच शेवटपर्यंत गायली, अगदी त्यालाच निजवत असल्यासारखी. नंतर सगळ्या चौकटी उचकटल्या, कापूस निमूट जिनिंगमध्ये नेला, सरकी काढून रुई केली, अंगणात पिंजारी बसवला आणि आपण दोघींनी डोक्याला पदर बांधून पुन्हा सगळं भरलं. आई फक्त तुझ्या टेबलाखाली उंदराचा पिंजरा ठेवून गेल्या.

ते उंदीरवालं रेकॉर्डिंग तू पुसलं नाहीस. मी परवा लावून ऐकलं आणि पोट धरून हसले. तुझ्या जाण्याला काही दिवसच झालेत आणि मी हसले, हे कोणाला सांगायची सोय नाही म्हणून तुला सांगतेय.

रंगावरून आपण किती भांडलो! मी यवतमाळच्या सरकारी क्वार्टरमध्ये वाढलेली. आमच्याकडे चांगलं दिसणं म्हणजे क्रीम रंगाची भिंत, जाळीचे पडदे आणि शोकेसमध्ये काचेचं बदक. मी क्रीम म्हटलं तर तू फिस्सकन हसलीस. "वहिनी, वावरातून येतात बाया. क्रीमवर हात लागला का डाग दिसते, आन् मंग थे दिवसभर अंग चोरून बसतात. अंग चोरलं का गळाबी चोरते." मोरपंखी कापड आणलंस. वर दिवा नको, अंगावर पडणारा उजेड नको, म्हणून बाजारातून बांबूची टोपली आणून ती उलटी टांगलीस आणि तिच्यात पिवळा बल्ब सोडलास. कोपऱ्यात आवाज गोळा होतो म्हणून चारी कोपऱ्यांत लोड उभे केलेस. माझ्या बंद पडलेल्या शिलाई मशीनचा सांगाडा उचललास, वर फळी टाकलीस आणि कॉम्प्युटर त्यावर ठेवलास. पायाने पायटा हलवत बसायची सवय तुला तिथेच लागली. भरतकामाच्या रिंगमध्ये नायलॉनचं कापड ताणून ते माईकपुढे लावलंस, म्हणजे 'प' आणि 'फ' म्हणताना फुस्सकन हवा जात नाही. माईक मात्र जमिनीपासून दीड हातावर. दादा म्हणाला, टीव्हीत तर उभ्याने गातात. तू म्हणालीस, टीव्हीतल्यांचे गुडघे दुखत नाहीत, आणि आपल्या बाया जन्मभर बसून गात आल्यात. सतरंजीवर पातळ गादी टाकलीस, पाठीला तक्क्या. एक आरसासुद्धा लावलास. आरशाचा गाण्याशी काय संबंध, असं मी विचारलं होतं.

"काहीच नाही. पण बाई आत आली त तिले वाटलं पायजे, का आपण कोणीतरी आहो."

गाव बोलायचं. गाव कशावर बोलत नाही? पण ते दिवसच असे होते, की आज या गल्लीत आणि उद्या त्या वस्तीवर कोणाच्या तरी दारात माणसं गोळा झालेली दिसायची. अशा वेळी आपल्या घरी सुतार भिंती ठोकतोय आणि तू कापडाच्या रंगासाठी बाजार पालथा घालतेयस. शेजारच्या काकू तोंडावर म्हणाल्या, "या दिवसात कायले वो हे नखरे?" मी तर मेल्याहून मेल्यासारखी झाले. तुझं काहीच झालं नाही.

"काकू, वाईट दिवसात भिंत रंगवू नये, असं कोणत्या पोथीत लिहेल हाय? दाखवा. मी पुसून टाकतो."

काकू पुढच्या आठवड्यात आरशात बघायला येऊन गेल्या. मग त्यांनी एक ओवीही दिली. बरी होती.

तुझा सगळ्यांत मोठा पराक्रम म्हणजे ते कॅमेरेवाले. बाहेरून गाडी करून आले होते, गळ्यात पट्टे, खिशाखिशांतून वायरी लोंबतायत. कोणीतरी सांगितलं होतं, इथे एक बाई वेचणाऱ्यांची गाणी जमवते. तुझी खोली बघून त्यांचं तोंड उतरलं, हे मी स्वतः पाहिलं. त्यांना पडकी भिंत पाहिजे होती. मोरपंखी कापड, पिवळा दिवा आणि आरसा त्यांच्या कामाचं नव्हतं. त्यांतला एक म्हणाला, बायकांना अंगणात जमिनीवर बसवूया, आणि दुःखाचं एखादं गाणं म्हणायला सांगा. सात-आठ बायका कपाळाला टिकल्या लावून, धुतलेली पातळं नेसून आल्या होत्या. तू शांतपणे चहा दिलास. कप खाली ठेवल्यावर म्हणालीस, "इथं लग्नाचे, पाळण्याचे आन् भुलाबाईचे गाणे भेटतीन. रडगाणं पायजे असन त तुमच्या घरी जाऊन गा. चहा आवडला ना?" गाडी गेली. बायका मात्र गेल्या नाहीत. त्या दुपारी लग्नातली गाणी सुरू झाली आणि पंचफुला मावशीने नवरदेवाच्या मामाची अशी काही फजिती केली, की इन्व्हर्टरची बॅटरी उतरेपर्यंत तू उठली नाहीस.

आपलं खिडकीचं भांडण मात्र तसंच राहिलं. मी म्हणायचे, वैशाखात पंखा बंद आणि खिडकी नाही, बायका भाजून निघतात. तू म्हणायचीस, खिडकी केली की ट्रॅक्टर, कुत्री आणि दादाची मोटर, सगळे गायला येतील. मी अजूनही म्हणते, की माझंच बरोबर आहे. तू गेलीस म्हणून मी हार मानलीय असं समजू नकोस.

आणि एक राहिलं. दुपारी तू शाळेत असायचीस आणि घर निजलेलं असायचं, तेव्हा मी त्या खोलीत जाऊन बसायचे. काही करायचे नाही. दार लावलं की घरातल्या हाका ऐकू यायच्या नाहीत. लग्न होऊन आले तेव्हापासून या घरात माझ्या हक्काची अशी एकच जागा, आणि ती तू कापसाने बांधलीस. हे तुला सांगायला हवं होतं असं आता सगळे म्हणतील. मला वाटतं तुला ठाऊक होतं, कारण तक्क्या नेहमी माझ्या बाजूला सरकवून ठेवलेला असायचा.

आता तेरवीचं सांगते. माणसं खरंच कापसावर बसली. आधी अवघडली, मग रेलली, मग निवांत पान लावू लागली. जेवणं उरकली, पाहुणे पांगले. पंचफुला मावशी आणि तिच्याबरोबरच्या बायका निघायला उठल्या. त्यांची लग्नाची गाणी अर्धीच रेकॉर्ड झाली होती, मग तू आजारी पडलीस. मी म्हटलं, थांबा, चला खोलीत. तर तुझा दादा आडवा आला.

"वरीसभर ह्या घरात गाणंबजावणं नाही. रीत हाय."

त्याचं खोटं नव्हतं, रीत आहेच. पण मला माहीत होतं आणि त्यालाही, की वर्षभर बंद राहिलेली खोली पुन्हा स्टुडिओ होत नसते. पुढची वेचणी येईल, हॉलमध्ये कापूस दुसऱ्यांदा कोणी ठेवू देणार नाही, कापूस आत जाईल, मशीन माळ्यावर जाईल, आणि मग लोक म्हणतील, शालू म्हणून एक होती, तिला गाण्याचा नाद होता. मी त्याला विचारलं,

"भजन चालतं का?"

"भजन चालते."

"मग भजनच आहे."

भजनाला तो नाही कसं म्हणणार? आम्ही आत गेलो. दार पूर्ण लावलं नाही, इतक्या जणी होत्या, जीव घाबरला असता. तुझ्या स्टुलावर मी बसले. काय कुठे असतं ते तू दाखवलं होतंस, तेवढ्या जोरावर सुरू केलं. दोन भजनं झाली. चांगली झाली. बायकांनी डोळे पुसले, पदर सारखे केले आणि हात जोडले, म्हणजे झालं.

"मावशी," मी म्हटलं, "आता ते मामाचं."

पंचफुला मावशीने माझ्याकडे असं पाहिलं, की मी नजर खाली घातली असती. घातली नाही.

"आज?"

"आजच."

"लोक माह्या तोंडावर थुंकतीन वो बाई."

"माझ्याही थुंकतील. आपण दोघी मिळून धुऊ. म्हणा."

तिने डोळे मिटले आणि सुरू केलं. पहिलं कडवं दबकत गेलं. दुसऱ्याला बाकीच्या जणी शिरल्या आणि आवाज चढला. टाळ्या आल्या, एक जण हसलीसुद्धा. तेवढ्यात हॉलमधून दादाचा आवाज आला, "माय, तू सांग आता तिले. तेरवीच्या दिवशी लग्नाचे गाणे! बंद करायले सांग." बायकांनी गाणं मध्येच तोडलं. आई कापसाच्या ढिगाला टेकून बसल्या होत्या. तुला नेलं त्या दिवसापासून त्या कोणाशी धड बोलल्या नव्हत्या, पाणीसुद्धा खुणेने मागायच्या. त्या उठल्या. पातळाला चिकटलेला कापूस झटकला आणि चालत दाराशी आल्या. या घरात त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी नाही म्हटलं असतं तर मी काय करणार होते, मला खरंच माहीत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. पंचफुला मावशीकडे बघून म्हणाल्या,

"तिसऱ्या कडव्यात मामा विहिरीत पडते. तुमी त्याले आताच जेवाले बसवून राह्यल्या."

"सरका," आई म्हणाल्या, आणि माईकसमोर मांडी घालून बसल्या.

गायल्या, शालू. चारी कडवी गायल्या. आवाज दोन ठिकाणी फाटलाय, एकदा वर चढताना आणि एकदा मामा विहिरीत पडतो तिथे, जिथे खरं तर हसायचं असतं. मध्ये रस्त्यावरून ट्रॅक्टर गेलाय. तुझा दादा दाराबाहेर दोनदा खाकरलाय, तेही आलंय. तू असतीस तर कानावरचं काढून म्हणाली असतीस, पुन्हा एकदा घेऊ. मी पुन्हा घेतलं नाही आणि घेणारही नाही. तुला पाहिजे असेल तर ये आणि तूच घे.